सावित्री: ‘मिस्सम्मा’ तिला मिळाला कसा, आणि पुढचं

तेलुगू-तमिळ सिनेमातली नायिका सावित्री म्हटलं की आता बहुतेकांना तिच्या आयुष्यावरचा २०१८ चा ‘महानटी’ हा सिनेमाच आठवतो. कीर्ती सुरेशला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो. मग दारू, नवरा, कर्ज, कोमा ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ झालीय, आणि १९५३ ते ५७ या चार-पाच वर्षांत या बाईने पडद्यावर काय केलं त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

सुरुवातीचं थोडक्यात सांगते. गुंटूर जिल्ह्यातलं चिर्रावूरु हे गाव, वडील लहानपणीच गेले, मावशीच्या घरी वाढली, विजयवाड्यात नाच आणि नाटकं, मग मद्रास. तेलुगू सिनेमा तेव्हा मद्रासमध्येच बनायचा, हैदराबाद नंतरचं. १९५० च्या ‘संसारम’मध्ये नायिका म्हणून घेतली आणि घाबरते म्हणून काढून किरकोळ काम दिलं. १९५१ च्या ‘पाताळ भैरवी’त फक्त एक नाच. आणि १९५३ ला थेट ‘देवदासु’मधली पार्वती, तेलुगू आणि तमिळ दोन्हीत. दिलीपकुमारचा देवदास यायला तेव्हा अजून दोन वर्षं होती.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे ‘मिस्सम्मा’. या सिनेमाची गोष्ट सगळीकडे एकाच चालीत सांगितली जाते: भानुमती ही तेव्हाची मोठी नायिका भांडली, बाहेर गेली, सावित्रीचं नशीब उघडलं. माझ्या मते यात दोघींवरही अन्याय होतो.

झालं असं की मेरी, म्हणजे मिस्सम्मा, ही भूमिका आधी भानुमतीची होती आणि सावित्री होती दुसऱ्या नायिकेच्या कामाला. भानुमतीची चारेक रिळं शूटही झाली होती. एक दिवस ती सेटवर उशिरा आली, कारण घरी वरलक्ष्मी व्रताची पूजा होती. आपल्याकडे श्रावणी शुक्रवारी जिवतीची पूजा असते, तसाच तिकडे हा श्रावणातला शुक्रवार, सवाष्ण बाई तो सहजासहजी चुकवत नाही. उशीर होईल असं तिने आधी कळवलं होतं आणि निरोप वर पोचलाच नाही, असं तिच्या बाजूने सांगतात. निर्माता म्हणाला माफी माग, ती म्हणाली नाही मागणार. मग तिची झालेली रिळं जाळून टाकली असं सांगतात आणि भूमिका सावित्रीकडे आली.

आता निर्मात्याची बाजूही आहे. हा सिनेमा तेलुगू आणि तमिळ असा एकदमच बनत होता, तमिळमध्ये ‘मिस्सियम्मा’, सेट तेच आणि नायक वेगळे, म्हणजे एक सकाळ वाया गेली की दोन सिनेमांची गेली. ते मान्य. पण बड्या स्टुडिओंना तेव्हा महिन्याच्या पगारावर कलाकार ठेवायची सवय होती आणि भानुमती त्यातली नव्हतीच, ती स्वतः गायची, स्वतःची निर्मितीसंस्था होती, १९५३ ला ‘चंडीराणी’ तीन भाषांत दिग्दर्शित करून झालं होतं. अशा बाईकडून माफी मागून घेणं हा शिस्तीपेक्षा वर्चस्वाचा प्रश्न होता असं मला वाटतं. हाच उशीर एखाद्या मोठ्या नायकाने केला असता तर रिळं जाळली असती का? मला नाही वाटत.

आणि सावित्रीला हे नशिबाने मिळालं म्हणणंही बरोबर नाही. तोवर पार्वती करून झाली होती, म्हणजे निर्मात्याने अंधारात दगड मारला नव्हता. सोडून दिलेली दुसरी भूमिका जमुनाकडे गेली. भानुमतीची गाणी तिचीच असायची, त्यामुळे ती गेल्यावर मेरीचा आवाजही बदलला आणि पी. लीला गायली. मेरी चिडकी, फटकळ, नोकरीसाठी खोटं लग्न दाखवावं लागतंय म्हणून सतत धुसफुसणारी. भानुमतीने ती करारी केली असती. सावित्रीची मेरी चिडते तेव्हा आत कुठेतरी दुखतंय हे दिसतं, मान वळवून रागाने निघून जाते आणि डोळे मात्र मागेच राहतात. पुढे भानुमतीनेही मनापासून कबूल केलं की आपण तो सिनेमा गमावला म्हणून एक मोठी नटी मिळाली.

मग १९५७ चा ‘मायाबाजार’. कथा आपल्याला नवी नाही, बलरामाची मुलगी, आपल्याकडे ती सुरेखा किंवा वत्सला, तिकडे शशिरेखा, बाबुराव पेंटरांनी १९२१ लाच ‘सुरेखाहरण’ केलं होतं. ‘मायाबाजार’मध्ये घटोत्कच शशिरेखेचं रूप घेऊन लग्नघरात बसतो, म्हणजे सावित्रीला करायचाय तो बाईच्या वेशातला राक्षस. लग्नाच्या गाण्यात ती लाडिक नाचतेय आणि मध्येच घटोत्कच स्वतःला विसरतो, आवाज पुरुषाचा होतो, खांदे रुंद होतात, चाल दणकट होते, आणि पुढच्या क्षणी भान येऊन परत लाजणारी नवरी. मेकअप तोच, साडी तीच, बदलतं फक्त तिचं शरीर. २०१० ला हा सिनेमा रंगीत करून परत लावला होता, पण हे बघायला रंगांची गरज नाही.

लग्नाबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी इथे परत लिहीत नाही, नवरा म्हणजे रेखाचे वडील, एवढं पुरे. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं वर्ष १९६८, तेव्हा तिने ‘चिन्नारि पापलु’ दिग्दर्शित केला आणि तंत्रज्ञांत बहुतेक बायका घेतल्या. मग १९७१ ला स्वतः काम केलेल्या तेलुगू ‘मूग मनसुलु’चा तमिळ रिमेक ‘प्राप्तम’, निर्मिती तिची, दिग्दर्शन तिचं. पैसे बुडाले, करखात्याचा तगादा लागला, मद्रासमधली मालमत्ता गेली. लोक याला तिची चूक म्हणतात, पण नायिकेने पस्तिशीत बहीण-आईची कामं मुकाट्याने घ्यायची नसतील तर तिच्यापुढे दुसरा रस्ता कोणता होता? २६ डिसेंबर १९८१ ला ती गेली, त्याआधी एकोणीस महिने कोमात होती.

२०११ ला टपाल खात्याने जुन्या नायिकांची सहा तिकिटं काढली, त्यात सावित्री आहे, मीनाकुमारी आणि नूतनही आहेत. ‘मिस्सम्मा’ हिंदीत ‘मिस मेरी’ झाला तेव्हा मेरी मीनाकुमारीने केली होती, आणि ‘मूग मनसुलु’चा ‘मिलन’ झाला तेव्हा सावित्रीची भूमिका नूतनने.