काळ्या द्राक्षांची पांढरी वाईन : वाद ११६ लिटरचा

मार्चमध्ये नागपुरात ठेल्यावर मिळणारे काळे द्राक्ष नखाने सोलले, तर आतला गर हिरवट-पांढराच निघतो. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातल्या पिनो न्वार आणि म्यूनिए या काळ्या जातींचेही तसेच. रंग सालीत असतो. साल न दुखावता रस काढता आला, तर वाईन पांढरी होते. 'ब्लां द न्वार'चा, म्हणजे काळ्यांतून काढलेल्या पांढऱ्या वाईनचा, सगळा इतिहास या 'आला तर'मध्ये आहे.

जुना भाग थोडक्यात. सतराव्या शतकाच्या अखेरीस शॅम्पेनमध्ये पांढऱ्या द्राक्षांची वाईन लवकर पिवळी पडे, म्हणून काळ्यांतून पांढरी काढण्याकडे कल वळला. पहाटेच्या गारव्यात तोडणी, फुटका मणी बाजूला, प्रेस मळ्याजवळ ही पथ्ये तेव्हाचीच. साधारण ४९ अंश अक्षांशावरच्या त्या थंडीत द्राक्ष आम्ल राखते आणि साल रंग बेतानेच धरते, हाही फायदा.

बाकी निकाल प्रेसमध्ये लागतो. घड देठांसकट अख्खे भरतात. देठांमुळे फटी राहतात आणि रस सालींना फार न घासता वाहतो. मशीनने तोडले की मणी सुटतात, फुटतात, म्हणून शॅम्पेनमध्ये हाताने तोडणी सक्तीची. क्रेटला भोके असतात, नाहीतर वाटेतच तळाशी रस साचून साली भिजतात आणि रंग सोडतात.

एक घाणा ४,००० किलोंचा. पहिले २,०५० लिटर म्हणजे 'क्यूवे': साखर-आम्ल भरपूर, रंग नावाला. मग कडेचा चोथा उकरून मध्ये ओढायचा आणि पुन्हा दाब द्यायचा. हा रस म्हणजे 'ताय'. इथे आम्ल घटते, पीएच चढतो, सालीचा रंग आणि तुरटपणा उतरू लागतो. संत्री सालीसकट पिळली की काय होते हे नागपूरकरांना सांगायला नको.

१९९२ पर्यंत ताय दोनदा काढत, आधी ४१० लिटर, मग २०६. एकूण २,६६६, हिशेब १५० किलोंना १०० लिटरचा. १९९२ मध्ये दुसरा ताय बंद झाला, पहिला ५०० लिटरवर नेला आणि एकूण मर्यादा २,५५० झाली, म्हणजे १६० किलोंना १०२ लिटर. कागदावर दुसरा ताय गेला. प्रत्यक्षात त्यातले ९० लिटर नाव बदलून पहिल्यात आले. खरी कपात ११६ लिटरची, घाण्यामागे दीडशेच्या वर बाटल्यांची. द्राक्षाचा भाव किलोवर आणि विक्री बाटलीवर, त्यामुळे चिमटा कोणाला बसला हे उघड आहे.

हाच नियम शार्दोने या पांढऱ्या द्राक्षालाही लागू आहे, हे मात्र विचित्र. तिच्या शेवटच्या रसात लाल रंग उतरण्याचा प्रश्नच नाही. तुरटपणाचे कारण तिथेही देता येते, पण कपातीचा खरा लाभ काळ्या द्राक्षांना झाला. आमच्या मते निर्णय बरोबर होता, थोडा उशिराच झाला.

नावांचा घोळ वेगळाच. कॅलिफोर्नियाची 'व्हाइट झिन्फांडेल' गुलाबी असते. जर्मनीची 'वाइसहर्ब्स्ट' नावात 'पांढरा' शब्द बाळगून रोझेच, म्हणजे गुलाबी वाईनच असते. ब्लां द न्वार मात्र खरोखर पांढरी हवी.

अलीकडे जर्मनीत आणि ओरेगनच्या विलामेट खोऱ्यात बुडबुड्यांविना पांढरी पिनो न्वार काढतात. तिथे अडचण वाढते. फेसाळ वाईनसाठी द्राक्ष कमी गोडीवर तोडून चालते. इथे जास्त पिकवावे लागते आणि पिकलेली साल रंग लवकर सोडते. रसाला हलकी गुलाबी झाक आली तरी घाबरायचे कारण नाही, आंबताना यीस्टच्या पेशी बराच रंग ओढून घेतात. त्यानंतरही उरला तर सक्रिय कोळसा. युरोपात १०० लिटरला १०० ग्रॅमपर्यंत मुभा आहे, पण इतका कोळसा रंगाबरोबर वासही नेतो. बुरशी लागलेल्या घडांचा रस तपकिरी पडतो तो एन्झाइममुळे. असे घड प्रेसआधीच वेचून काढलेले बरे.

वाईन टिकवायला घालतात त्या सल्फर डायऑक्साइडनेही रंग झाकला जातो, पण तात्पुरता. त्याचे प्रमाण उतरले की रंग डोके वर काढतो. नागपूरच्या मे महिन्यात बिनएसी गोदामात पडून राहिलेली बाटली घेताना ती आधी पांढऱ्या कागदासमोर धरून पाहावी. कांद्याच्या सालीची छटा दिसली तर दुसरी मागावी.