बोट बंद पडली तर?

दिवाळीच्या सुट्टीत मालदीवला निघालेल्या माझ्या भाचीने पॅरासेलिंगचे, म्हणजे बोटीने दोर बांधून ओढलेल्या छत्राला लटकून उडण्याचे, पैसे भरण्याआधी मला विचारलं, "मावशी, आम्ही वर असताना बोट बंद पडली तर?" बडोद्याहून बेटांवर जाणाऱ्या बहुतेकांच्या मनात हीच भीती असते. खाली निळं पाणी, वर रंगीत छत्र, आपण दोघं मधे लोंबकळतोय आणि सगळा भार त्या एका इंजिनावर, असं चित्र डोळ्यांसमोर येतं.

बोट बंद पडली आणि वारा बेताचा असला, तर छत्र हळूहळू खाली येतं आणि आपण पाण्यात उतरतो. दोन माणसांना घेऊन स्थिर हवेत खाली येणाऱ्या अशा छत्राचा वेग सेकंदाला ५ ते ६ मीटरच्या आसपास असतो. दीड-दोन मीटर उंचीवरून पाण्यात उडी मारली की शेवटी साधारण तेवढाच वेग येतो. आणि वारा चांगला असला, तर बोट थांबूनही छत्र वरच राहतं. वारा आवाक्यात असेल, अंगात लाइफ जॅकेट असेल आणि मदतीला माणसं जवळ असतील, तर इंजिन बंद पडणं हा या खेळातला सगळ्यांत सौम्य प्रसंग आहे.

काळजी करायची ती वारा कमी पडण्याची नाही, वारा जास्त होण्याची. हे मला पोटतिडकीने सांगायचं आहे, कारण किनाऱ्यावर उभा असलेला माणूस नेमकं उलटं समजतो. जोराचा वारा सुटला की त्याला वाटतं, आज मस्त उडेल.

बडोदेकरांना हे समजावणं सोपं जावं, कारण उत्तरायणात गच्चीवर आपण हेच भौतिकशास्त्र बोटांनी शिकतो. हवा पडलेली असली की आपण दोरा झटक्याने ओढतो किंवा दोन पावलं मागे पळतो, आणि पतंग चढतो. त्याला हवी असते ती हवेच्या तुलनेतली गती. ती वाऱ्याने दिली काय, आपण दिली काय, त्याला सारखंच. पॅरासेलिंगमध्ये हे पळण्याचं काम बोट करते. ती वाऱ्याच्या तोंडावर ताशी २० किलोमीटरने चालली आणि समोरून १० किलोमीटरचा वारा आला, तर छत्राला ३० किलोमीटरचा वारा लागतो. वारा ३० चाच असेल, तर बोटीला जागेवर नुसतं टिकून राहावं लागतं.

आता छत्रावर किती जोर येतो ते पाहू. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. १० मीटर व्यासाच्या छत्राचं क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस मीटर भरतं, म्हणजे ८४० चौरस फूट. ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर ढोबळमानाने ३२० किलो वजनाइतका जोर येतो. हा जोर सरळ वर नसतो, तिरका असतो. त्याचा काही भाग माणसांना उचलतो आणि काही भाग मागे खेचतो. दोन माणसं, हार्नेस म्हणजे अंगाला बांधायचे पट्टे, आडवी दांडी आणि कापड मिळून १६५ किलो धरले, तर ते वजन पेलून जे उरतं ते दोरावर येतं. माझ्या हिशेबाने दोरावरचा ताण साधारण सव्वादोनशे किलो होतो. या कामाच्या दोराला हे काहीच नाही.

वारा ६० झाला की छत्रावरचा जोर चौपट होतो, सुमारे १,३०० किलो. माणसांचं वजन मात्र तेवढंच राहतं. वाढलेला सगळा जोर दोराच्या वाट्याला येतो, आणि त्याच हिशेबाने दोरावरचा ताण साडेअकराशे किलोच्या पुढे जातो. म्हणजे वारा दुप्पट, छत्रावरचा जोर चौपट आणि दोरावरचा ताण पाचपट. माणसं जितकी हलकी, तितका त्याच वाऱ्यात दोरावर जास्त ताण येतो. म्हणूनच लहान मुलाला एकट्याने वर पाठवण्याची घाई करणाऱ्या बोटवाल्यापासून मी चार हात दूर राहीन.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती बोटीत बसून कळत नाही. समुद्रावर जसजसं वर जावं तसतसा वारा वाढतो. पाण्याच्या पृष्ठभागाशी होणारं घर्षण खालच्या हवेला अडवतं, वरची हवा मोकळी वाहते. १० मीटर उंचीवर जो वारा असतो, त्याच्या साधारण सव्वापट किंवा थोडा जास्तच १०० मीटरवर मिळतो. सव्वापटीचा वर्ग दीडपटीहून अधिक भरतो. दोर २०० मीटर सोडला आणि तो पाण्याशी ३० अंशांचा कोन करत असला, तर आपण बरोबर १०० मीटर उंचीवर असतो. बोटीतल्या कप्तानाच्या चेहऱ्यावर लागणारा वारा आणि आपल्या डोक्यावरच्या कापडाला लागणारा वारा हे दोन वेगळे वारे आहेत. अनुभवी कप्तान हे अंगवळणी पडल्यासारखं जाणतो. नवखा जाणेलच असं नाही.

हे छत्र मुळात आलं कुठून? साध्या गोल पॅराशूटची एक जुनी खोड आहे: आत कोंडलेली हवा कधी या काठाने तर कधी त्या काठाने निसटते आणि खाली लटकलेला माणूस झोके खातो. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसमध्ये आंद्रे-जाक गार्नेरँ फुग्यातून पॅराशूट घेऊन उतरला, तेव्हा तो असाच भयंकर हिंदकळला होता. पुढे छत्राच्या माथ्यावर भोक ठेवायची पद्धत आली आणि झोके कमी झाले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पिअर-मार्सेल लमोआन्य या फ्रेंच अभियंत्याने छत्राच्या मागच्या बाजूला विचारपूर्वक फटी ठेवल्या. आतली हवा ठरलेल्या दिशेने मागे बाहेर पडू लागली, त्यामुळे छत्र स्थिर झालं आणि पुढेही सरकू लागलं. असं छत्र दोर बांधून ओढलं की नुसतं मागे फरफटत न येता वर चढतं. विमानाचा खर्च न करता पॅराशूटधाऱ्यांना सराव देण्यासाठी हे वापरात आलं, मौजेसाठी त्याचा उपयोग नंतर झाला. आज पॅरासेलच्या पाठीमागे ज्या खिडक्या दिसतात, त्या याच कल्पनेच्या वंशज आहेत. त्या शोभेच्या नाहीत.

नंतर बोटीवर विंच, म्हणजे दोर गुंडाळणारं यंत्र, आला. बोटीच्या मागच्या फळीवरूनच माणूस उचलायचा आणि दोर गुंडाळत तिथेच परत उतरवायचा. वाळूवरून धावत सुटण्याची आणि वाळूवर आपटण्याची गरज संपली. आपल्याकडच्या किनाऱ्यांवर जीपला दोर बांधून होणारं पॅरासेलिंग काही ठिकाणी अजून दिसतं, पण तिथे खाली पाणी नसतं, एवढा एकच फरक मला पुरेसा वाटतो.

आता विषुववृत्ताजवळच्या आकाशाबद्दल. मालदीवमध्ये वर्षाचे दोन मुख्य भाग पडतात: इरुवाई, म्हणजे ईशान्येच्या वाऱ्याचा कोरडा काळ, आणि हुल्हांगू, म्हणजे नैऋत्येच्या वाऱ्याचा पावसाळी काळ. गुजरातची दिवाळीची सुट्टी या दोघांच्या सांध्यावर येते. ऊन लख्ख असतं आणि तरीही क्षितिजावर एखादा काळा ढग उभा राहतो. अशा ढगातून पाऊस पडताना हवा थंड आणि जड होऊन धाडकन खाली येते, समुद्रावर आपटते आणि चहूकडे पसरते. ही थंड हवेची लाट पावसाच्या आधी पोहोचते. म्हणजे आपल्या डोक्यावर पाऊस नाही, ऊनसुद्धा आहे, आणि तेवढ्यात वारा १५ वरून ५० वर जातो. हे व्हायला काही मिनिटं पुरतात. शंभर मीटरवरून दोन माणसांना ओढून खाली घ्यायलाही काही मिनिटंच लागतात. या दोन वेळांच्या शर्यतीत आधी कोण पोहोचतं, त्यावर सगळं अवलंबून असतं.

झोत आलाच, तर जाणता कप्तान बोट थांबवत बसत नाही. तो ती वाऱ्याच्या दिशेने वळवतो आणि छत्राच्या मागे धावतो. ६० च्या वाऱ्यात बोट त्याच दिशेने ३० ने पळाली, तर छत्राला लागणारा वारा पुन्हा ३० वर येतो आणि दोर सैलावतो. मग विंच त्याला गुंडाळू शकतो. जोराच्या ताणाखाली विंच कमी पडतो आणि वरची माणसं वरच अडकतात, हे अशा अपघातांत घडलेलं आहे. मात्र वाऱ्याबरोबर पळायला समोर मोकळा समुद्र हवा. छोट्या बेटाभोवती प्रवाळाची भिंत असते, लगून म्हणजे प्रवाळाने अडवलेलं उथळ पाणी असतं, माडांची रांग असते. वारा समुद्राकडून बेटाकडे वाहत असेल, तर पळायला जागाच नसते.

दोर तुटला तर काय होईल, हेही याच आकड्यांतून कळतं. १०० मीटरवरून सेकंदाला ५-६ मीटरने खाली यायला १७ ते २० सेकंद लागतात. ताशी ४५ किलोमीटरचा वारा तेवढ्यात छत्राला २०० ते २५० मीटर वाहून नेतो. खाली मोकळं पाणी असलं तर ठीक, झाडं किंवा जेटी असली तर नाही. शिवाय पाण्यात उतरल्यावरही छत्र फुगलेलंच राहतं आणि माणसाला पाण्यावरून ओढत नेतं. वर्गाचा नियम तिथेही लागू असतोच.

दोर तुटतो कुठे? बहुधा गाठीपाशी. गाठीत दोर तीव्र वळतो, बाहेरच्या धाग्यांवर जास्त ताण येतो, आतले धागे एकमेकांना चेपतात, त्यामुळे नव्या दोराची ताकदही गाठीच्या जागी लक्षणीय घटते. त्यात ऊन आणि मीठ. अतिनील किरणं कृत्रिम धाग्यांच्या लांब रेणूंना तोडतात, आणि वाळलेल्या मिठाचे खडे आतून धागे कातरत राहतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१४ मध्ये पॅरासेलिंगच्या अपघातांवर खास अहवाल प्रसिद्ध केला. त्यात जोराचा वारा आणि गाठीमुळे दुबळा झालेला दोर या दोन्ही गोष्टींवर बोट ठेवलं होतं. त्याच वर्षी फ्लोरिडा राज्याने कायदा केला: सततचा वारा ताशी २० मैलांहून, म्हणजे ३२ किलोमीटरहून जास्त असेल तर पॅरासेलिंग बंद, झोत २५ मैलांच्या, म्हणजे ४० किलोमीटरच्या वर गेले तर बंद, आणि ७ मैलांच्या आत विजांचं वादळ असेल तरी बंद. वर केलेला हिशेब पाहिला की हे आकडे कुठून आले असतील ते समजतं. बेट कुठलंही असो, मी हीच मर्यादा धरीन. हवेचा नियम देश बदलला म्हणून बदलत नाही.

खासगी बोट घेतली की एक वेगळी अडचण येते. बोट आपल्या एकट्यांसाठी असते, दिवसाचं भाडं आधीच दिलेलं असतं, सासूबाईंपासून धाकट्या दिरापर्यंत सगळे नटूनथटून बसलेले असतात. अशा वेळी कप्तानावर 'नाही' न म्हणण्याचं दडपण येतं, आणि ते आपणच आणलेलं असतं. म्हणून बुकिंग करतानाच ठरवून घ्यावं की वाऱ्यामुळे रद्द झालं तर पैसे परत मिळतील किंवा दुसरी वेळ मिळेल. बोटीत वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र आहे का, सुकाणू धरणाऱ्याशिवाय छत्रावर सतत नजर ठेवणारा दुसरा माणूस आहे का, दोराचं टोक शेवटचं कापून नवीन कधी बांधलं, हे तीन प्रश्न विचारायला संकोच कसला? चांगला बोटवाला या प्रश्नांनी खूश होतो.

आणि हे सगळं जमून आलं, तर वर जावंच असं मी म्हणेन. वर गेल्यावर पहिली नवलाची गोष्ट म्हणजे शांतता आणि स्थिरपणा. आपल्या कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव वेग ओळखत नाही, वेगातला बदल ओळखतो. जोर सारे तोलले गेले की त्याच्यासाठी आपण जागच्या जागीच असतो.

दुसरी गोष्ट क्षितिज. बोटीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपासून क्षितिज साधारण ५ किलोमीटरवर असतं, १०० मीटर उंचीवरून ते ३५ किलोमीटरच्या पुढे सरकतं. खालून जी बेटं एकेकटी वाटतात, ती वरून एका कड्यात ओवलेली दिसतात. हे कडं म्हणजे प्रवाळद्वीप. खचत जाणाऱ्या ज्वालामुखीच्या काठाने प्रवाळ वर वाढत राहिले आणि मधला डोंगर बुडून कडं उरलं, ही चार्ल्स डार्विनची १८४२ मधली मांडणी एका नजरेत पटते.

मला सर्वांत आवडणारी गोष्ट पाण्याची. बोटीतून दूरवर पाहिलं तर समुद्र आरशासारखा चकाकतो, तळ दिसत नाही. नजर पाण्याला अगदी तिरकी, उभ्या रेषेपासून ८० अंशांवर लागते, तेव्हा पृष्ठभाग सुमारे ३५ टक्के उजेड परतवतो आणि आपल्याला आभाळच दिसतं. सरळ खाली पाहिलं तर जेमतेम २ टक्के उजेड परततो. बाकीचा उजेड आत जातो, पांढऱ्या वाळूवरून उलटून वर येतो, आणि वाटेत पाण्याने त्यातला तांबडा भाग शोषून घेतलेला असल्यामुळे फिरोजी होऊन आपल्यापर्यंत पोहोचतो. जिथे रंग गडद होतो तिथे पाणी खोल किंवा तळाशी प्रवाळ. लगूनचा सगळा नकाशा आपल्या पायाखाली उलगडतो. सूर्य डोक्यावर चढू लागला की, दहा-अकराच्या सुमारास, तो सर्वांत स्पष्ट दिसतो. पोलराइज्ड गॉगल घातला तर तिरक्या नजरेतली चकाकीही बरीच कमी होते. फक्त गॉगलला मागून दोरी बांधून घ्या, आणि ती गाठ मात्र घट्ट असू द्या.