धक्का लागला की मारला?

वर्गाच्या दारात गर्दी होते आणि एकाचं कोपर दुसऱ्याला लागतं. बहुतेक मुलं 'बघून चाल ना' म्हणतात आणि पुढे जातात. एखादा मात्र गर्रकन वळून ठोसाच लगावतो. नंतर विचारलं तर म्हणतो, "त्यानं मुद्दाम मारलं." हे खोटं नसतं. त्याला खरोखरच तसं दिसलेलं असतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली नेमकं हेच दाखवून दिलं. घरात मार खाल्लेल्या लहान मुलांना अशा संदिग्ध प्रसंगात समोरच्याचा हेतू वाईटच वाटण्याकडे कल होता, आणि बालवाडीत गेल्यावर तीच मुलं जास्त हात उचलत होती. पुढे सेथ पोलाक यांनी मुलांना चेहऱ्यांचे धूसर फोटो दाखवले. फोटो टप्प्याटप्प्यानं स्पष्ट होत जायचा आणि चेहऱ्यावरचा भाव ओळखायचा. मार सोसलेल्या मुलांनी राग इतरांपेक्षा लवकर ओळखला, चित्र अजून पुरतं उमटलेलं नसतानाच. ज्या घरात मोठ्या माणसाच्या कपाळावरची आठी वेळेत दिसणं म्हणजेच बचाव, तिथे मेंदू दुसरं काय शिकणार? घरात कामी येणारी ही सावधगिरी शाळेत मात्र घात करते.

असे अनुभव साचत गेले की धोका वाढतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १,३६,००० हून अधिक विद्यार्थ्यांच्या पाहणीत (निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध) मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातली हिंसा, घरातल्यांचं व्यसन यांपैकी प्रत्येक वाढीव अनुभवागणिक हिंसक वर्तनाची जोखीम ३५ ते १४४ टक्क्यांनी वाढलेली आढळली. पण जोखीम म्हणजे भाकीत नव्हे. कॅथी विडम यांनी लहानपणी छळ किंवा हेळसांड झालेल्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा त्यांच्यात हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण जास्त निघालं खरं, तरी बहुसंख्य त्या वाटेला गेलेच नव्हते. म्हणूनच असे किती प्रकारचे प्रतिकूल अनुभव वाट्याला आले याची बेरीज करून एखाद्या मुलावर शिक्का मारणं मला घातक वाटतं. ही मोजणी रूढ करणाऱ्यांपैकी एक, रॉबर्ट अँडा, यांनीही २०२० मध्ये तिच्या अशा वापराविरुद्ध बजावलं आहे.

मग तग धरणारी मुलं कशाच्या बळावर धरतात? एमी वर्नर यांनी हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा कित्येक दशकं मागोवा घेतला. सर्वांत कठीण परिस्थितीतल्या मुलांपैकी जवळपास एक तृतीयांश मुलं सक्षम, मायाळू माणसं झाली. त्यांच्या स्वभावाचा वाटा होताच, पण आजी, शेजारी, शिक्षक असं एखादं भरवशाचं मोठं माणूसही त्यांच्या पाठीशी होतं. चिवटपणा मुलाच्या एकट्याच्या अंगातून येत नाही.

ज्याला ठोसा बसला त्याचं रक्षण आधी व्हायलाच हवं, त्यात तडजोड नाही. पण मारणाऱ्याला आठ दिवस घरी बसवण्याआधी शाळेनं एवढं तरी पाहावं, की ते घर कसं आहे आणि शाळेत त्याचं ऐकून घेणारं जे एक माणूस असेल, त्याच्यापासूनच आपण त्याला तोडत तर नाही ना.