लिपी नाही, म्हणून ती भाषाच नाही?

‘ज्या भाषेला स्वतःची लिपी नाही ती भाषा नव्हे, नुसती बोली,’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो. गोंडी आणि कोरकू या आदिवासी भाषांबद्दल तर तो हमखास ऐकू येतो.

शाळेत आपण भाषा आणि अक्षरे एकत्रच शिकतो, त्यामुळे असे वाटणे स्वाभाविक आहे. आता हीच कसोटी इंग्रजीला लावा. तिची लिपी रोमन, म्हणजे लॅटिनकडून आलेली. आपली देवनागरी हिंदी, नेपाळीचीही आहे, आणि विसाव्या शतकापर्यंत मराठीचे कितीतरी दप्तर मोडीत लिहिले जाई. लिपी बदलली तरी मराठी तीच राहिली. फोनवर रोमन अक्षरांत ‘उद्या येतो’ लिहिले तरी ते मराठीच. झारखंड-बंगालकडच्या संथाळी या आदिवासी भाषेची ओल चिकी लिपी १९२५च्या सुमारास तयार झाली. भाषा त्याच्या कितीतरी आधीची.

मग गोंडी आणि कोरकू मराठीच्या बोली आहेत का? नाहीत. गोंडी द्राविडी, म्हणजे तेलुगू-तमिळच्या कुळातली. दोन, तीन, चार यांना गोंडीत रंड, मुंड, नालुंग. तेलुगूत रेंडु, मूडु, नालुगु. मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली, संथाळीची नातलग. मराठीत नसलेले द्विवचन, म्हणजे दोघांसाठीचे वेगळे रूप, तिच्यात आजही आहे. अशा भाषेला अपुरी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

पडताळायचे असेल तर गोंडी बोलणाऱ्या परिचितांना एक ते पाच मोजायला सांगा आणि शेजारी तेलुगू अंक मांडा. मग ‘मी आलो’, ‘तू आलास’, ‘आम्ही येणार नाही’ कसे म्हणतात ते विचारा. क्रियापदाची रूपे नियमाने बदलताना ऐकू येतील.