वारुळावरची अळंबी: सावळघाटाच्या अलीकडे आणि पलीकडे

श्रावणात पेठकडून सावळघाट चढून नाशिकला येताना रस्त्याच्या कडेला बाया बसलेल्या दिसतात. पुढ्यात सागाची पानं, पानांवर अळंबीचे वाटे. काटा-वजन काही नाही. वाटा उचलायचा आणि सांगितले तेवढे पैसे द्यायचे. गिऱ्हाईक हटकून विचारतं, "मावशी, कुठली हो ही?" उत्तर ठरलेलं असतं, "रानातली." कुठलं रान, ते मावशी सांगत नाहीत. का सांगतील? वारूळ एकदा माहीत झालं की ते वर्षानुवर्षं देत राहतं. ते माहीत असणं हीच त्यांची इस्टेट.

वारुळाच्या पोटात वाळवी शेती करते, अगदी शब्दशः. वाळकी पानं, काटक्या, लाकूड पोटातून काढून ती त्याचे सच्छिद्र, पोळ्यासारखे गोळे रचते. त्या गोळ्यांवर बुरशी वाढते. लाकडातला जो चिवट भाग वाळवीला पचत नाही तो बुरशी मऊ करते, मग वाळवी तो खाते, बुरशीचे पांढरे दाणेही खाते. पावसाचं पाणी मुरलं, हवा दमट झाली की हीच बुरशी मातीतून दांडा वर काढते. अळंबी उपटताना हळू का ओढावी लागते ते यामुळे. वर चार बोटं दिसणारा दांडा खाली मुळासारखा निमुळता होत थेट त्या गोळ्यापर्यंत गेलेला असतो.

फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी 1942 मध्ये या प्रजातीला टर्मिटोमायसिस, म्हणजे 'वाळवीची बुरशी', असं नाव दिलं. दक्षिण भारतात सापडलेल्या एका जातीला 1979 मध्ये त्यांच्यावरूनच 'हाइमी' म्हटलं गेलं. वाळवी आणि बुरशीची ही भागीदारी सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत जमली असं मानतात. माणसाची शेती जेमतेम 10-12 हजार वर्षांची. वाळवीचं हे पीक व्यापारी पातळीवर घ्यायला माणसाला अजून जमलेलं नाही.

आता ही अळंबी पानात वाढली कुणी आणि नाकारली कुणी, ते पाहू. आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांत तिच्याबद्दल दोन सूर आहेत. वैद्यांचा सूर मोजूनमापून बोलणाऱ्याचा. चरकसंहिता म्हणते, सर्पच्छत्रक सोडलं तर बाकीच्या छत्रजाती चवीला गोड, थंड, पचायला जड आणि पडसं करणाऱ्या. सुश्रुतसंहितेत त्यांची विभागणी आहे ती कुठे उगवतात त्यावरून: पेंढ्यावरची, उसावरची, शेणावरची, बांबूवरची, जमिनीवरची. रानात फिरणारा माणूस आजही हेच आधी बघतो.

स्मृतिकारांना एवढा धीर नव्हता. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण आणि कांद्याच्या पंगतीला 'कवक', म्हणजे भूछत्र, बसवून द्विजांना हे सगळं वर्ज्य ठरवलं आहे. मला यात गंमत वाटते ती अशी, की त्या यादीतला कांदा सुटला. असा सुटला, की लासलगावची बाजार समिती नाशिक जिल्ह्याची ओळख होऊन बसली. अळंबी मात्र यादीतच राहिली. कांदा रोपातून येतो, दरवर्षी तोच येतो आणि खाल्ल्याने कुणी मरत नाही. अळंबी रातोरात येते, उकिरड्यावर तिच्यासारखीच दुसरी येते, आणि त्यातली एखादी जीव घेते. शिवाय ती ऐन चातुर्मासात निघते. ज्या घरांत कांदेनवमीनंतर कांदासुद्धा बंद, तिथे ती चुलीपर्यंत पोचणार कशी? आमच्या पंचवटीतल्या घरात सगळ्याच भूछत्रांना एकच नाव होतं, कुत्र्याची छत्री, आणि आजीचं एकच वाक्य, "हात धू आधी."

सावळघाट उतरला, किंवा पश्चिमेच्या डोंगरांकडे वळलं, की चित्रच बदलतं. पेठ, सुरगाणा, हरसूल, त्र्यंबकचा डोंगराळ भाग, इगतपुरी: हा कोकणा, महादेव कोळी, वारली लोकांचा मुलूख. येवला-सिन्नरकडे वर्षाला जेमतेम 500-600 मिलिमीटर पाऊस, तर इगतपुरीला तीन हजारांच्या आसपास. लावणी उरकलेली, नागली-भात अजून शेतात, कणगी तळाला गेलेली, असे ते दिवस. त्या दिवसांत रानभाजी आणि अळंबी हौसेसाठी कुणी आणत नसे. नागलीच्या भाकरीला तेच कालवण होतं.

आणि ती आणण्याची रीत ठरलेली. पहाटे निघायचं, उन्हं वर आली की अळंबी फुलते, तिच्यात किडे होतात. टोकदार, मिटलेली कळी सर्वांत चांगली. घरी आल्यावर दांड्याची माती विळीने खरवडायची, पुन्हा पुन्हा धुवायची, टोपी हाताने फाडायची. कांदा, लसूण, काळा मसाला. चरकाने जड म्हटलं ते बरोबरच असावं, कारण अळंबीच्या भाजीनंतर दुपारी डोळे मिटतातच.

ढग गडगडले की अळंबी फुटते, असं या भागात म्हणतात. मेघदूतातल्या मेघाच्या गर्जनेनेही भूमी 'उच्छिलीन्ध्रा' होते. शिलीन्ध्र म्हणजे भूछत्र, असा अर्थ बरेच जण घेतात. टीकाकार मल्लिनाथाने मात्र तिथे कंदली ही वनस्पती पाहिली. मी अळंबीच्या बाजूचा आहे, पण माझं मत पक्षपाती समजा.

श्रावणातल्या नागपंचमीला वारुळाची पूजा होते, त्या दिवशी खणायचं नाही, चिरायचं नाही. या नियमामागे अळंबीचा विचार होता असं म्हणायला आधार नाही. तरी वारूळ खणायची भीती मनात असणं तिच्या पथ्यावर पडलं असणार.

कायद्याने वेगळाच पेच घातला. 1878 आणि 1927 च्या वन कायद्यांनी राखीव जंगल सरकारचं झालं आणि तिथून काहीही आणणं मेहेरबानीवर आलं. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा, म्हणजे इमारती लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या वस्तूंवरचा, हक्क मान्य केला, पण व्याख्या केली 'वनस्पतिजन्य' अशी. आणि बुरशी तर 1969 मध्ये शास्त्रज्ञ व्हिटेकरने केलेल्या सजीवांच्या पाच सृष्टींच्या मांडणीतच वनस्पतींतून बाहेर पडलेली! सुदैवाने ही शंका वाटे विकणाऱ्या मावशींना अजून कुणी विचारलेली नाही.

विषाचं थोडक्यात सांगतो. चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण रंग बदलतो, किड्याने खाल्लेली असेल तर चालते, या तिन्ही परीक्षा खोट्या आहेत. अमॅनिटा गटातल्या काही जातींचं विष सहा ते बारा तास, कधी त्याहूनही उशिरा, कळतं. मग उलट्या-जुलाब होतात, दिवसभर बरं वाटतं, आणि तोवर यकृत निकामी होत असतं. शहरातल्या हिरवळींवर येणारी मोठी पांढरी छत्री, जिच्या खालच्या पापुद्र्यांवर पुढे हिरवट झाक येते, ती पोट चांगलंच बिघडवते. जाणती बाई चिन्हांवरून ओळखत बसत नाही. ती माहितीच्या वारुळावरचीच अळंबी घेते. बाकीच्या नजरेसमोर असल्या तरी तशाच सोडून येते.

शहराने अळंबी स्वीकारली ती दुसऱ्याच वाटेने. 1960 च्या दशकात हिमाचलातल्या सोलनला बटण मशरूमची लागवड सुरू झाली, तिथून ती हॉटेलांत आली आणि पंचवटीतल्या आमच्या फ्रिजमध्येही. नाव इंग्रजी असल्यामुळे तिला कुणी कुत्र्याची छत्री म्हटलं नाही. आता ऑगस्टमध्ये, 9 तारखेच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास, कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव भरतात, तिथे शहरातली माणसं रांग लावून रानभाज्या घेतात. तिकडे बांध सपाट करणारा जेसीबी वारूळही सपाट करतो, आणि त्या जागेचं पीक त्या वर्षी संपतं.

गेल्या श्रावणात मी एका मावशींकडून दोन वाटे घेतले. तिसरा मागितला तर म्हणाल्या, "तो घरचा." पानात गुंडाळून तो त्यांनी पाटीत तळाला ठेवला आणि वरून ओलं फडकं टाकलं.