दातात जपलेली मरी

मध्ययुग कधी संपलं? शाळेत आपण सगळ्यांनी घोकलेलं उत्तर १४५३, तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं ते साल. पेपरात मीही तेच लिहून आलो. पण आज कुणी मध्ययुगाचं सगळ्यात मोठं वळण विचारलं, तर मी किर्गिझस्तानातल्या एका थडग्याच्या दगडाकडे बोट दाखवीन.

दगडावर सिरियाक या पश्चिम आशियातल्या जुन्या ख्रिस्ती लिपीत कोरलंय : सन १६४९, व्याघ्रवर्ष. ही श्रद्धावंत सनमाकची कबर. तो मरीने गेला.

हे सन सेल्युसिड या जुन्या ग्रीक राजवंशाच्या कालगणनेतलं. म्हणजे इ.स. १३३८. इस्सिक-कुल सरोवराच्या परिसरातल्या दोन ख्रिस्ती दफनभूमींत साल नक्की वाचता येतं असे ४६७ दगड आहेत. ते पसरलेत सुमारे शंभर वर्षांवर, आणि त्यातले ११८ एकट्या १३३८-३९ या दोन वर्षांतले! वस्ती व्यापाऱ्यांची होती. कबरींत हिंदी महासागरातले मोती निघाले, भूमध्य समुद्रातली पोवळी निघाली. इतक्या दूरचा माल जिथे पोचत होता, तिथून रोगही तितक्याच दूर जाऊ शकत होता.

पण ही मरी नेमकी कसली? ते दगड सांगत नाही, दात सांगतो. दाताच्या आत मऊ गर असतो आणि त्यात बारीक रक्तवाहिन्या. रक्तात जंतू भिनलेले असताना माणूस गेला, तर ते रक्त तिथेच वाळतं आणि दाताच्या कठीण कवचात डबीबंद राहतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खणून काढलेल्या इथल्या कवट्या रशियात सांभाळून ठेवल्या होत्या. शास्त्रज्ञांनी त्यांतल्या सात जणांचे दात घेतले, आतून भुकटी काढली आणि तिच्यातले डीएनएचे तुकडे वाचले. तिघांच्या दातांत यर्सिनिया पेस्टिस सापडला, प्लेगचा जंतू. २०२२ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. त्याच शतकात युरोपभर पसरलेल्या ‘काळ्या मरी’च्या बळींच्या हाडांत आणि दातांत आधी सापडलेल्या प्लेगच्या जंतूंचा हा थेट पूर्वज निघाला. सनमाकच्या गावकऱ्यांना काय झालं होतं, हे कळायला जवळपास सातशे वर्षं लागली, याने मला अजूनही गलबलून येतं.

या जंतूची करणी विलक्षण आहे. तो पिसवेच्या अन्नमार्गात गोळा होऊन तिचा घास अडवतो. भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते, आणि दर चाव्याला थोडे जंतू जखमेत ओकते. उंदीर मरून गार पडला की पिसवा नवं ऊबदार अंग शोधतात. जंतूचं हे वाहन पकडलं फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी, १८९८ साली कराचीत. काचेच्या बरणीत पिसवा असलेला आजारी उंदीर ठेवला आणि जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. तरी दुसराही प्लेगने मेला.

त्याआधी दोन वर्षं, १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखलेला गाठीचा ताप याच वंशवृक्षाची फांदी. पुढच्या मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, त्या याच जंतूने.

चौदाव्या शतकात मात्र पिसू कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती. १३४६ मध्ये मरी काळ्या समुद्राकाठच्या काफा बंदरात होती, १३४७ च्या ऑक्टोबरात सिसिलीतल्या मेसिनाला. पुढच्या चार-पाच वर्षांत युरोपातली निदान एक तृतीयांश माणसं गेली. पिकं शेतात उभीच राहिली, कापणारे हात उरले नाहीत. जे वाचले ते जास्त मजुरी मागू लागले. इंग्लंडच्या राजाने १३५१ मध्ये कायदा करून मजुरी मरीपूर्वीच्या दरावर बांधून टाकली. तरी ती वाढतच गेली, आणि जमिनीला जखडलेली वेठबिगारी तिथे हळूहळू सैल होत गेली. १४५३ च्या कितीतरी आधी जुनी घडी विस्कटली होती.

इस्सिक-कुलच्या भोवतालच्या तिएन शान पर्वतात आजही मार्मोट नावाचे गुबगुबीत प्राणी बिळं करून राहतात. सनमाकच्या गावात सापडलेल्या जंतूचे सगळ्यात जवळचे नातलग तिथल्याच प्राण्यांत अजून जिवंत आहेत.