हिवाळी सायकलस्वारीचा पोशाख

थंडी, पाऊस आणि बर्फाच्या दिवसांत रोजच्या कामासाठी सायकल चालवताना वापरायचे कपडे. या कपड्यांकडून तीन कामांची अपेक्षा असते : वारा अडवणे, अंग कोरडे राखणे आणि अंधारात किंवा धुक्यात सायकलस्वार इतरांच्या नजरेस आणणे. उत्तर युरोपात हा विषय घरोघरचा आहे. फिनलंडमधील ओउलू हे दोन लाखांहून अधिक वस्तीचे शहर ६५° उत्तर अक्षांशावर वसले आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात तिथला दिवस जेमतेम साडेतीन तासांचा असतो, आणि शाळेला निघालेली मुले सकाळी अंधारातच सायकलवर बसतात. सायकलमार्गांवरचा बर्फ तिथे नेमाने काढला जातो, त्यामुळे हिवाळ्यातही सायकली थांबत नाहीत. हिवाळी सायकलस्वारीवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ मध्ये याच शहरात भरली.

सायकलस्वाराला वारा पडलेला असतानाही वारा लागतो, कारण तो त्याच्या स्वतःच्या वेगाचा असतो. कॅनडा आणि अमेरिकेत २००१ पासून वापरात असलेल्या सूत्रानुसार तापमान शून्य अंश सेल्सिअस आणि वारा ताशी २० किमी असेल, तर उघड्या कातडीला उणे ५ अंशांसारखी थंडी जाणवते. उणे ५ अंशांना ती उणे १२ च्या आसपास जाते. हा वारा समोरून येतो. म्हणून सायकलस्वारीच्या चांगल्या जर्किनची छाती आणि बाह्यांची पुढची बाजू वारारोधक कापडाची असते, तर पाठ पातळ आणि हवेशीर ठेवलेली असते. घाटाच्या उतारावर वर्तमानपत्राचा कागद जर्सीच्या आत छातीवर सरकवण्याची युरोपातील शर्यतपटूंची जुनी युक्तीही याच तत्त्वावर चालते.

थंडीइतकाच घामही वैरी. पायडल मारणारे शरीर दहा मिनिटांत तापते, मग घाम येतो, आणि सिग्नलला थांबले की तोच घाम अंग गारठवतो. त्यामुळे दारातून बाहेर पडताना थोडी थंडी वाजावी इतकेच कपडे घालावेत, असे अनुभवी सायकलस्वार सांगतात. हा सल्ला मानण्यासारखा आहे. अंगालगतचा कपडा सुती नसावा. ओले सूत पाणी धरून ठेवते आणि कातडीला चिकटते. मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीचा तंतू मात्र आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश बाष्प आत शोषूनही ओला लागत नाही. धनगराची घोंगडी पावसात भिजून जड झाली तरी ऊब देते, त्यामागेही लोकरीचा हाच स्वभाव आहे.

पावसासाठीच्या कपड्यांत १९६९ नंतर मोठा बदल झाला. त्या वर्षी अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनची तापवलेली कांडी हळूहळू ओढण्याऐवजी एकदम हिसका देऊन ताणली, आणि तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडली. पाण्याचा थेंब या छिद्रांतून आत येऊ शकत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. याच पदार्थाच्या पडद्यापासून गोर-टेक्स कापड तयार झाले. मात्र ही किमया बिनशर्त नाही. वरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप झिजला की ते कापड भिजते, वाफेची वाट बंद होते, आणि आतून घामाने भिजलेल्या माणसाला जर्किन गळते आहे असे वाटते. अशा वेळी लेबलवरच्या सूचनांनुसार ते धुऊन, परवानगी असेल तर ड्रायरची ऊब देऊन लेप पुष्कळदा पुन्हा कामाला लागतो. चढावर जोर लावणाऱ्याला कोणतेच कापड पुरेशा वेगाने वाफ सोडत नाही. तिथे काखेतली चेन उघडणेच उपयोगी.

बेतण्याकडेही बारकाईने पाहावे लागते. पुढे वाकून बसल्यावर जर्किन कमरेवर चढते आणि बाह्या मनगटावरून मागे सरकतात, म्हणून मागची बाजू आणि बाह्या लांब हव्यात. जोडलेली टोपी सैल असेल तर धोका आहे. उजवीकडे वळण्यापूर्वी मागे पाहायला मान वळवावी तर टोपी जागची हलत नाही, आणि डोळ्यांसमोर रस्त्याऐवजी टोपीचे अस्तर येते. त्यापेक्षा हेल्मेटखाली पातळ कानटोपी बरी. बुटांत बोटे हलायला जागा हवी. दोन मोजे कोंबून घट्ट झालेल्या बुटात ऊब धरणारी हवाच उरत नाही आणि रक्तप्रवाहही मंदावतो. हातांसाठी बोटे दोन-दोन एकत्र ठेवणारे हातमोजे, किंवा हँडलवरच कायम बसवलेली जाड आवरणे वापरतात. ब्रेक दाबता येणार नाही इतका जाड हातमोजा मात्र कितीही उबदार असला तरी निकामी.

दिसण्याच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक फ्लोरोसंट रंग आणि परावर्तक पट्टी एकच समजण्यात होते. झळझळीत पिवळा-हिरवा किंवा नारिंगी फ्लोरोसंट रंग डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून त्यांचा दिसणारा प्रकाश करतो. म्हणून ढगाळ दुपारी आणि संधिप्रकाशात तो उठून दिसतो. दिवसाउजेडी चमकणारे हे रंग अमेरिकेतील स्वित्झर बंधूंच्या १९३० च्या दशकापासूनच्या प्रयोगांतून आले. रात्री मोटारीच्या दिव्यात अतिनील किरण जवळजवळ नसतात, त्यामुळे तिथे हा रंग साध्या फिकट कापडापेक्षा फारसा उपयोगी नाही.

रात्रीचे काम परावर्तक पट्टीचे. तिला आपल्याकडे सर्रास ‘रेडियम’ म्हणतात, पण रेडियम या मूलद्रव्याशी तिचा संबंध नाही आणि ती स्वतः प्रकाश देत नाही. नेहमीच्या करड्या पट्टीवर डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक काचमणी बसवलेले असतात. प्रत्येक मणी आत आलेला किरण वळवून, मागच्या चकचकीत थरावरून परतवून, आला त्याच दिशेने धाडतो. म्हणून पट्टी गाडी चालवणाऱ्याला लखलखीत दिसते आणि शेजारी उभ्या माणसाला करडीच वाटते. मोटारीचे दिवे पडत नाहीत त्या कोनात तिचा उपयोग नाही, म्हणजे सायकलचा दिवा लागतोच. चिखलाने आणि वारंवार धुण्याने ती मंदावते. पाठीवर सॅक घेतली की पाठीवरची पट्टी पूर्ण झाकते, आणि नेमके हेच अनेकांच्या ध्यानात येत नाही. पट्टी सॅकवरही लावायला हवी.

पट्टी कुठे लावायची याला महत्त्व आहे. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहानसन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले, की अंधारात चालणाऱ्या माणसाच्या सांध्यांवरचे काही ठिपके एवढेच दिसले तरी पाहणारा क्षणात ‘हा माणूस आहे’ हे ओळखतो. सायकलस्वाराचे घोटे आणि गुडघे सतत वरखाली होतात, त्यामुळे तिथली पट्टी छातीवरच्या स्थिर पट्टीपेक्षा लवकर अर्थ सांगते. पैसे थोडेच असतील तर आधी घोट्यांचे पट्टे घ्यावेत.

अपघात खरोखर कमी होतात का, याची मोठी तपासणी डेन्मार्कमध्ये झाली. ऑल्बोर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी ६,७९३ सायकलस्वारांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले आणि एका गटाला पिवळी जर्किने दिली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जर्किनवाल्या गटात दुसऱ्या वाहनाशी किंवा व्यक्तीशी घडलेले इजेचे अपघात ४७ टक्क्यांनी कमी होते. अपघात कळवण्यातला फरक वजा केल्यावर ३८ टक्क्यांनी. ब्रिटनमधील बाथ विद्यापीठाच्या इयन वॉकर यांच्या अभ्यासाने दुसरी बाजू पुढे आणली. सायकलस्वाराने सात वेगवेगळे पोशाख घातले, तरी गाड्या जवळपास सारख्याच अंतरावरून पुढे गेल्या. ‘पोलीस’ लिहिलेल्या आणि चित्रण सुरू असल्याचे सांगणाऱ्या जाकिटानेच सुमारे ५ सेंमी जास्त जागा मिळवली. दिसणे आणि जागा मिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

कायद्यांतही एकमत नाही. फ्रान्समध्ये २००८ पासून वस्तीबाहेरच्या रस्त्यावर रात्री किंवा दृश्यता कमी असताना परावर्तक जाकीट सक्तीचे आहे. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत असे कपडे केवळ सुचवलेले आहेत. नेदरलँड्समध्ये सायकलस्वार बहुधा रोजच्याच काळ्या-निळ्या कोटात दिसतात. तिथे सायकलमार्ग बहुतेक ठिकाणी मोटारींपासून वेगळे आहेत आणि सक्ती कपड्यांवर नसून सायकलवर आहे : रात्री पुढे-मागे दिवे, पायडलना परावर्तक आणि चाकांवर दोन्ही बाजूंनी परावर्तक पांढरे किंवा पिवळे कडे. आडव्या रस्त्याने येणाऱ्या मोटारीच्या दिव्यात ती दोन कडी फिरताना दिसतात.